बिनमाणसांचे फोटो

आमच्या सांगलीच्या गावभागातल्या घरात जिन्याच्या भिंतीवर एक आडवी रेघ आहे. २००५ च्या पुराची. पाणी उतरल्यावर बाबांनी ती खिळ्यानं ओढली होती. त्यानंतर घरात जे जे भिजून चालणार नव्हतं ते सगळं त्या रेघेच्या वर गेलं: जमिनीचे कागद, रजया, लग्नांचे अल्बम आणि नाना आजोबांची पत्र्याची पेटी. १४ वर्षं आम्ही त्या रेघेवर विसंबून होतो. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २००५ पेक्षा तीन फुटांहून जास्त. रेघेच्या वरचंही भिजलं आणि खालचंही.

सांगलीत पूर फुटांत बोलतात. "किती झालं?" एवढंच विचारायचं, कशाचं ते सांगावं लागत नाही. ४० ला इशारा, ४५ ला धोका. आई आणि दादा-वहिनी दोन बॅगा घेऊन विश्रामबागला मावशीकडे गेले, ते दोन दिवसांत परत येऊ म्हणून. परत यायला आठवडा उलटून गेला. मी पुण्यात अडकले होते. हायवे सुरू झाला तशी पहिल्या एसटीनं आले.

घराचं वर्णन करत बसत नाही. ज्यांनी पूर पाहिलाय त्यांना तो वास ठाऊक आहे, बाकीच्यांना सांगून कळणार नाही. फ्रिज तरंगत येऊन माजघराच्या दारात आडवा अडकला होता एवढं सांगते. त्याच्यावरून चढून आत जावं लागलं.

अल्बम कपाटाच्या वरच्या कप्प्यात होते, आठवडाभर पाण्यात. दादा ते अंगणात उन्हात उघडून ठेवायला निघाला होता आणि मीही तेच केलं असतं. पण पुण्यात कागद आणि जुने फोटो जतन करायचं काम करणारी माझी एक मैत्रीण आहे, तिला सहज फोन लावला. ती जवळजवळ ओरडलीच. "वाळवू नका! ओलं आहे ते ओलंच राहू दे!"

कारण तिनं सांगितलं ते असं. जुन्या फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि चित्र त्या थरात असतं. जिलेटिन म्हणजे जेलीच. पाण्यात ते फुगतं, मऊ पडतं. त्याच अवस्थेत वाळलं की शेजारी जे असेल, समोरचं पान असो की फ्रेमची काच, त्याला घट्ट धरून बसतं आणि मग काही केल्या सोडत नाही. म्हणून फोटो स्वच्छ गार पाण्यात बुडवून ठेवायचे, पाण्यातच हलक्या हातानं एकमेकांपासून सोडवायचे आणि मगच तोंड वर करून वाळत घालायचे. तेही दोन दिवसांच्या आत, नाहीतर बुरशी. आणि दोन दिवसांत होण्यासारखं नसेल तर सरळ फ्रीझरमध्ये.

तिचं ऐकायच्या आधी एक नुकसान होऊन गेलं होतं. आजी-आजोबांच्या लग्नाचा फ्रेममधला फोटो दादानं काचेवरून ओढून काढला. आजोबांचा फेटा कागदाबरोबर आला, चेहरा काचेवर राहिला. दादा ती काच हातात धरून किती वेळ उभा होता. कुणी काही बोललं नाही.

आता स्वच्छ पाणी आणायचं कुठून? नळ बंद. टँकरच्या पाण्यासाठी रांग, आणि ते भांडी-कपड्यांनाच पुरेना. शेवटी मदतीच्या किटमधून आलेल्या पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या मी फोटोंवर ओतल्या. शेजारच्या काकू दारातून बघत होत्या. "अगं, प्यायला पाणी नाही आणि फोटो काय धुतीस!" मला लाज वाटली, पण हात थांबला नाही. संध्याकाळी काकू त्यांच्या वाट्याच्या चार बाटल्या घेऊन आल्या. "आमच्या सूनबाईच्या बारशाचा एक आहे बघ ह्यात, तो आधी काढ."

खरी कसोटी होती कुठला आधी घ्यायचा याची. शेकडो फोटो, दोन परातींत पाणी, तीन माणसं. आईनं क्रम लावून दिला: आधी लग्नं, मग मुंजी-बारशी, मग बाकीचे. माळ्यावरून उतरवलेल्या पत्र्याच्या पेटीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "त्यात नुसत्या इमारती आहेत. माणसंच नाहीत त्यात. राहू दे."

नाना आजोबा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. संस्थानाच्या कचेरीत कारकून. लग्न केलं नाही, त्या पैशात कॅमेरा घेतला असं घरात गमतीनं म्हणतात. तिकाटण्यावरचा लाकडी कॅमेरा, डोक्यावरून काळं फडकं आणि हाफ प्लेटच्या काचा, म्हणजे काचेच्या निगेटिव्ह, प्रत्येक पावणेपाच बाय साडेसहा इंच. आईनं त्यांना म्हातारपणी पाहिलंय. घरच्यांचे फोटो का काढत नाही विचारलं की म्हणायचे, "माणसं हलतात. देऊळ हलत नाही." मंद काचा होत्या त्या. एकेका फोटोला शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागे, म्हणून हे तत्त्वज्ञान.

अल्बम मावशीच्या फ्रीझरमध्ये गेले. दोन-दोन पानांमध्ये बटर पेपर घालून, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, मटारच्या शेजारी. रंगीत फोटोंची दशा वाईट होती. कडेनं पिवळे-गुलाबी ओघळ येऊन माझ्याच लग्नातले निम्मे पाहुणे विरघळून गेले होते. जुने काळे-पांढरे त्या मानानं चिवट निघाले.

पेटी उघडायला तिसरा दिवस उजाडला. पाणी तिच्यात तळाशी वीतभर शिरलं होतं. एकूण ४४ काचा, प्रत्येक कागदी पाकिटात. पाकिटांवर नानांनी टाकानं, निळ्या शाईनं, कुठला फोटो, कधीचा, सगळं लिहिलेलं असणार. असणार म्हणते, कारण पाकिटांच्या जागी निळसर लगदा होता. अक्षर असं एकही नाही. फक्त दोन पाकिटांवरचं वाचता येत होतं, कारण त्या दिवशी नानांच्या हाताशी पेन्सिल असावी. पेन्सिलीच्या शिशाला पाणी काही करत नाही. तेव्हापासून मी फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीशिवाय कशानंही लिहीत नाही. बॉलपेननं लिहिणाऱ्याचा हात धरते.

काचा फ्रीझरमध्ये टाकायच्या नसतात, तडकतात. उभ्या ठेवून वाळवायच्या, म्हणजे पाणी निथळतं आणि दोन काचा एकमेकींना चिकटत नाहीत. त्यासाठी खास रॅक मिळतात म्हणे. मावशीच्या स्वयंपाकघरात स्टीलचं ताटाळं होतं. ताटांच्या खाचांत काचा अगदी बेतानं बसल्या. आठवडाभर आम्ही जेवणाची ताटं कट्ट्यावर एकावर एक रचून ठेवली आणि ताटाळ्यात नानांची सांगली वाळत राहिली. हवा एवढी दमट की वाळता वाळेना. गणपतीच्या देवळात चतुर्थीच्या आधीच बसणारे चोर गणपती बसले तरी काही काचा हाताला चिकट लागत होत्या.

४४ पैकी ६ फुटलेल्या होत्या. ७ काचांवरचा थर सुरकुतून काचेवरून सुटला, दुधावरच्या सायीसारखा. उरल्या ३१. त्या तरी काय दाखवतात ते बघावं म्हणून भाच्याचा टॅबलेट घेतला, स्क्रीन कोरी पांढरी केली, अर्धा इंच वर पेन्सिलींच्या टेकूवर काच ठेवली आणि वरून मोबाइलनं फोटो काढला. मग ॲपमध्ये काळं-पांढरं उलट केलं. पहिली काच गणपती मंदिराची निघाली. थोरल्या चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी कृष्णाकाठी बांधवलेलं पंचायतन, काळ्या दगडाचं. १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळं होऊन सांगली संस्थान उभं केलं तेच हे अप्पासाहेब. फोटोत देवळाभोवती आज आहे त्यातलं काहीच नव्हतं. आम्ही चौघं टॅबलेटवर डोकी आपटत बघत राहिलो.

कळसाजवळचा झेंडा मात्र काळा होता. भाच्यानं लगेच कथा रचली, इंग्रजांच्या निषेधाचा असणार! मलाही ती आवडली होती. मैत्रिणीनं हवा काढून टाकली. त्या काळच्या काचांना निळा रंग चटकन दिसे, तांबडा-केशरी जवळजवळ दिसतच नसे. म्हणून आकाश कोरं पांढरं आणि भगवा काळा. तोपर्यंत भाच्याचं स्टेटस अर्ध्या विश्रामबागेनं पाहिलं होतं.

पुढचं वर्षभर मी जमेल तेव्हा सांगलीला येऊन काचा नीट स्कॅन करून घेतल्या आणि कुठली कुठली ते शोधत फिरले. एवढं सोपं वाटलं होतं! आपलंच गाव, आपल्याला नाही ओळखणार तर कुणाला? ३१ पैकी ९ मला ओळखता आल्या. मंदिर, घाट, गणेशदुर्गाचा तट आणि खंदक, विलिंग्डन कॉलेज. कॉलेज १९१९ चं, म्हणजे ती काच त्याच्यानंतरची. त्यात इमारतीभोवती मोकळं माळरान आहे. मावशी म्हणाली, "माझा फ्लॅट कुठं येईल गं ह्यात?" आम्ही अंदाजानं एका झुडपावर बोट ठेवलं. तिनं त्या फोटोची प्रिंट काढून हॉलमध्ये लावली आहे. येईल त्याला ते झुडूप दाखवते.

नदीच्या काचांसाठी मी हुशारीची युक्ती काढली. आयर्विन पूल १९२९ चा. पूल दिसतो त्या नंतरच्या, दिसत नाही त्या आधीच्या. बिनपुलाच्या तीन काचा निघाल्या आणि मी तीन पाकिटांवर '१९२९ पूर्वी' लिहून मोकळी झाले. एक तर अर्धवट कमानींची होती, कमानीखाली लाकडांचा सांगाडा, ती पाहून तर अंगावर काटा आला. मग एका रविवारी त्या बिनपुलाच्यांपैकी एक घेऊन हरिपूरला गेले. कृष्णा-वारणा संगमावर, संगमेश्वराच्या देवळाजवळ उभी राहिले तर समोर तोच काठ, तेच वळण. पूल दिसत नव्हता कारण कॅमेऱ्याचं तोंडच त्याच्याकडे नव्हतं. काच १९२९ च्या आधीची असेल, नंतरचीही असेल. तिथंच पारावर बसून पाकिटावरचं खोडलं. हरिपुरात एका आजोबांनी विचारलं काय खोडताय. फोटो दाखवला तर फोटो राहिला बाजूला, ते हळदीच्या पेवांवर घसरले. जमिनीत खोल खणलेली पेवं, त्यात वर्षानुवर्षं हळद कशी टिकायची आणि २००५ च्या पाण्यानं ती कशी गेली. तासभर गेला. वाया गेला असं वाटलं नाही.

सगळ्यात फजिती झाली ती बाजारातल्या दुकानाच्या काचेची. दुकानावर पाटी होती, अक्षरं मराठी नव्हती. कानडी असणार, सांगलीत कानडी काही परकं नाही. आमच्या समोरच्या वहिनी माहेरच्या जमखंडीच्या, त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून पाहिली, काढून पाहिली. "हे कानडी न्हाई ओ. कानडीसारखं कायतरी हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. रात्री दात घासताना त्यांना सुचलं होतं. त्यांनी फोटो आमच्या बेसिनच्या आरशासमोर धरला आणि फडफड वाचून दाखवला, आडतीचं दुकान. मी काच उलटी ठेवून स्कॅन केली होती. थराची बाजू निस्तेज असते, नुसती काच चकाकते, ते बघून ठेवायचं असतं. मी पहिल्या उत्साहात बघितलंच नव्हतं. ३१ च्या ३१ पुन्हा तपासल्या. ५ उलट्या निघाल्या. म्हणजे महिनाभर मी पाच फोटो घेऊन गावातल्या चुकीच्या कोपऱ्यांवर उभी राहत होते आणि लोकांना विचारत होते, हे घर इथं होतं का हो.

गणेशदुर्गाची काच जिथं न्यावी तिथं एकच चर्चा व्हायची. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा आणि त्यांच्या साथीदारांनी इथला तुरुंग फोडला. फोटो त्याच्या आधीचा का नंतरचा याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं, उडी कुठून मारली यावर वाद. तिघांनी तीन जागा दाखवल्या, प्रत्येकाचं बोट ठाम. मारुती चौकातल्या एका हॉटेलात तर दोघांचा आवाज एवढा चढला की मालकानं चहाचे पैसे घेतले नाहीत आणि फोटो आत ठेवायला सांगितला.

एका काचेवर मात्र असं झालं नाही. दुमजली वाडा, कोरीव खांबांचा सोपा. नव्वदीच्या एका गृहस्थांनी ती पाहिली, ओळखली, आणि नुसतं "अठ्ठेचाळीस" म्हणाले. गांधीहत्येनंतर सांगलीत ब्राह्मणांचे वाडे जाळले गेले त्यातला तो. ते तेव्हा शाळकरी होते. आणखी काही सांगतील म्हणून मी थांबले. त्यांनी फोटो माझ्याकडे परत दिला आणि चहा घेणार का विचारलं. त्या पाकिटावर मी जागा लिहिली आहे, घराण्याचं नाव नाही.

मधे एक मूर्खपणा मीच करून बसले. एका स्टुडिओवाल्याला दहा स्कॅन दिले, ओरखडे तेवढे काढून द्या म्हणून. आठ दिवसांनी रंगीत फोटो हातात. त्यांनी कॉम्प्युटरकडून रंग भरून घेतले होते. आकाश निळं, दगड करडा, आणि कृष्णा निळीशार! ऑगस्टात कृष्णा कधी कुणी निळी पाहिली आहे? दुधाळ चहासारखी असते. एका फोटोतला दिव्याचा खांबही ओरखडा समजून पुसला होता. त्याच खांबावरून मी तो फोटो कधीचा ते ठरवत होते. मूळ फाइल माझ्याकडे होत्या म्हणून निभावलं. ते मात्र खरंच दुखावले. म्हणाले, "मॅडम, लोकं असंच मागतात."

घाटाच्या एका काचेत काय आहे ते मला फार उशिरा दिसलं. स्कॅन पूर्ण आकारात उघडून पायऱ्या मोजत होते. खालून चौथ्या पायरीवर एक घागर. इतकी स्पष्ट की तिच्या गळ्यावरचा पोचा दिसतो. तिच्या शेजारी पांढुरकं काहीतरी, धुरासारखं. आधी वाटलं ओल लागून थर गेला असेल. भिंग धरून पाहिलं तर धुराच्या तळाशी दोन पावलं होती. बाई घागर टेकवून उभी होती आणि नानांचं शटर उघडं असताना वरून हलली. मान वळवली असेल, पदर सारखा केला असेल. पावलं जागची हलली नाहीत म्हणून तेवढी उमटली.

आईला लॅपटॉपवर दाखवलं. तिनं बराच वेळ पाहिलं. "म्हणजे माणूस आहे की ह्यात." मग म्हणाली, "नानांना दिसली नसेल का गं?" काळ्या फडक्याखाली काचेवर चित्र उलटं दिसतं, आणि शटर उघडायच्या वेळी तर काहीच दिसत नाही, हे मी तिला समजावलं. तिचं तेवढ्यानं समाधान झालं नाही.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५० च्या पुढे गेलं. या वेळी दादा वेळेत हलला. पातळी चाळिशीला टेकायच्या आत मला आईचा फोन. गॅस बंद केला, कागद घेतले, देव घेतले, आणि "ती तुझी काचांची पेटी माझ्या मांडीवर आहे, रिक्षात. दादाला म्हटलं डिकीत नको, गचके बसतात." जिन्याच्या भिंतीवर आता तीन रेघा आहेत. २०१९ ची माळ्याच्या फळीला लागून आहे.

३१ पैकी २६ काचांची जागा लागली. चारांचं काही होईल असं वाटत नाही, नुसती भिंत आणि झाड आहे. राहिली १७ नंबरची. वाड्याचा दिंडी दरवाजा अर्धा उघडा, आत तुळशीवृंदावन, वृंदावनावर एक तांब्या. गावभागात पाच जणांनी तो वाडा छातीठोकपणे ओळखला, पाच वेगवेगळे. पाचही नावं मी पाकिटावर पेन्सिलीनं लिहून ठेवली आहेत. गेल्या दिवाळीत त्यातलं एक खोडलं, कारण त्या घरातल्या सुनेनं सांगितलं की आमचं वृंदावन अष्टकोनी होतं, हे चौकोनी आहे. चार उरली.